नववं पान

ती मुलगी दारात आली तेव्हा भावोजी स्टुलावर चढून बल्ब बदलत होते. तिनं विचारलं, "हरवलेल्या गोष्टी शोधून देतात ते हेच ऑफिस का?"

"हो. या, बसा," भावोजी वरूनच म्हणाले. "काय हरवलंय?"

"एक पान."

भावोजींना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी मात्र हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

बाई म्हणजे भावोजींची मेहुणी, त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. छापखान्यात बावीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली. छापखाना बंद पडला आणि त्यांनी सायकल दुरुस्तीच्या दुकानावर ही एक खोली घेऊन तपासाचा धंदा मांडला. भावोजी भूगोलाचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात बायकोनं त्यांना बजावलं होतं, "घरात माझ्या पायात पायात येऊ नका. तिच्या मदतीला जा." तेव्हापासून ते मदतीला होते, म्हणजे बल्ब बदलत होते आणि बाईंबरोबर हिंडत होते.

मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली. तिचे डोळे सुजलेले होते.

"मी यंत्र-तपासणी कार्यालयात प्रोग्रामर आहे," ती म्हणाली. "क्रेन, लिफ्ट, बॉयलर अशी यंत्रं आमचे निरीक्षक तपासतात आणि कारखान्याला रिपोर्ट देतात. रिपोर्ट माझ्या प्रोग्राममधून छापले जातात. मागे एकदा कुणाचं तरी मधलं पान गहाळ झालं, म्हणून महिन्याभरापूर्वी साहेबांनी सांगितलं की प्रत्येक पानावर एकूण पानांचा आकडा टाक. म्हणजे पान गळलं तर लगेच कळेल. मी टाकला."

"चांगलं केलंस की," भावोजी म्हणाले.

"आता तोच आकडा माझ्या गळ्याशी आलाय, काका."

तिनं सगळं सांगितलं. एका कारखान्यातली क्रेन निरीक्षकांनी सोमवारी तपासली. मंगळवारी रिपोर्टच्या दोन प्रती छापल्या. एक कारखान्यात पोचवली, दुसरी कार्यालयाच्या फायलीत लावली. पुढच्या सोमवारी क्रेनचा ब्रेक लागला नाही आणि लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा एका कामगाराच्या पायावर आला.

"फायलीतली प्रत नऊ पानांची आहे," मुलगी म्हणाली. "नवव्या पानावर काळ्या चौकटीत लिहिलंय, ब्रेक झिजले आहेत, नवीन बसवेपर्यंत क्रेन बंद ठेवावी. आणि कारखान्याची प्रत आठच पानांची आहे. नववं पान त्यात नाहीच. आणि दोन्ही प्रती आपापल्या जागी पुऱ्या! एकीवर एकूण नऊ, दुसरीवर एकूण आठ."

"म्हणजे कुणीतरी पान फाडलं," भावोजी म्हणाले.

"फाडलं असतं तर उरलेल्या पानांवर एकूण नऊच राहिलं असतं ना!"

भावोजी स्टुलावरून खाली उतरले.

"कार्यालयात काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"कारखान्याचे व्यवस्थापक म्हणतात, अपघात झाल्यावर निरीक्षककाकांनी स्वतःला वाचवायला नववं पान मागाहून घुसडलं. आमचे संचालकसाहेब म्हणतात, छे, काका असं करणार नाहीत, प्रोग्रामनंच एका प्रतीत पान खाल्लं असणार. मला म्हणतात, चूक कबूल कर. मशीनच्या चुकीला तुरुंग नसतो, फार तर नोकरी जाईल." तिनं मान वर केली. "माझा प्रोग्राम पान खात नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तसं म्हटलं की काका खोटे ठरतात. तीन महिन्यांत निवृत्त व्हायचेत ते. मी सुटले तर ते बुडतात, ते सुटले तर मी बुडते. सोमवारी चौकशी अधिकारी येणार आहेत. काय सांगू त्यांना?"

इकडे आड, तिकडे विहीर. भावोजींनी तिला पाण्याचा ग्लास दिला.

"हा एकूण आकडा प्रोग्राम आणतो कुठून?" बाईंनी विचारलं. "पहिलं पान छापताना शेवटचं कितवं येणार हे त्याला कसं कळतं?"

मुलीचा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळला. "नाहीच कळत! म्हणून तो आधी अख्खा रिपोर्ट मनातल्या मनात छापतो. कागद नाही, शाई नाही, नुसती पानं मोजतो. तो आकडा लक्षात ठेवतो आणि मग दुसऱ्या फेरीत खरोखर छापतो."

"म्हणजे सहलीला निघताना बस सुटायच्या आधी पोरं मोजतात तसं," भावोजी म्हणाले.

"अगदी तसंच."

"आणि तो रिपोर्ट छापल्यानंतर प्रोग्रामला हात लावला होतास?" बाईंनी विचारलं.

"मोजणीला मुळीच नाही. काकांनी एका पानावर लाल पेन्सिलीनं खूण करून दिली होती, ती किरकोळ दुरुस्ती त्याच आठवड्यात गुरुवारी केली, बस्स. मोजणीशी तिचा काही संबंध नाही."

बाईंनी मान हलवली आणि छत्री उचलली. "चला, भावोजी."

*

संचालक उंच, गोरेगोमटे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी स्वतः खुर्च्या पुढे सरकवल्या.

"पोरगी हुशार आहे हो," ते म्हणाले. "पण मशीन ते मशीन. माझा कुणावरच राग नाही. उगाच प्रकरण वाढू नये, एवढंच."

त्यांनी दोन्ही प्रती टेबलावर ठेवल्या. बाईंनी चष्मा लावला. भावोजीही खांद्यावरून डोकावले, मग त्यांनी कारखान्याची प्रत हातात घेऊन चाळली. दोन्ही प्रतींच्या पहिल्या पानावर क्रेनचा क्रमांक, सोमवारची तपासणीची तारीख आणि निळ्या शाईत निरीक्षकांची सही. मजकूर पहिल्या ओळीपासून आठव्या पानाच्या शेवटापर्यंत सारखा. फरक म्हटला तर तळाशी. फायलीतल्या प्रतीत प्रत्येक पानाखाली असं छापलं होतं:

पान ४ / एकुण ९

आणि कारखान्याच्या प्रतीत असं:

पान ४ / एकूण ८

"छापल्याची तारीख कुठे दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"ती कागदावर येत नाही. शेवटचा कधी छापला एवढं संगणकात राहतं," संचालक म्हणाले. "पण गेल्या बुधवारी मीच सगळ्यांसमोर रिपोर्ट पुन्हा छापायला लावला. म्हटलं, बघू तरी किती पानं येतात. नऊ आली. आता तिथे ती बुधवारचीच तारीख दिसते. माझ्या लक्षातच आलं नाही हो!"

"आणि रिपोर्टमधला शेरा कोण बदलू शकतं?"

"निरीक्षक. आणि पदामुळे मी. पण निरीक्षकांनी काही केलं असेल यावर माझा विश्वास नाही," संचालक घाईनं म्हणाले.

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "भला माणूस आहे."

बाई काहीच बोलल्या नाहीत. बाई गप्प असल्या की भावोजींना आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

*

निरीक्षक कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. करड्या मिशा, कानावर लाल पेन्सिल. त्यांनी आपली खिशातली वही पुढे केली. सोमवारच्या पानावर लिहिलं होतं, 'ब्रेक गेले. क्रेन बंद.'

"पण ही वही मी आत्ता लिहिली असं ते म्हणणार," निरीक्षक म्हणाले. "म्हणू देत. अडतीस वर्षं नोकरी केली, खोटं एक अक्षर लिहिलं नाही. पण बाई, त्या पोरीवर आळ येत असेल तर माझ्यावर घ्या. तिचं सगळं आयुष्य पुढे पडलंय."

"तिनं तुम्हाला वाचवायला मला बोलावलंय," बाई म्हणाल्या. निरीक्षकांनी वही मिटून खिशात ठेवली.

"दोन्ही प्रतींवरची सही तुमचीच?"

"माझीच. पहिल्या पानावर सही करतो मी. दर मंगळवारी दप्तरदार पहिल्या पानांचा गठ्ठा आणतात, एकेका यंत्राचं नाव मोठ्यानं वाचतात, मी सही करतो."

"गेल्या मंगळवारीही? अपघाताच्या दुसऱ्या दिवशी?"

"त्या दिवशी दप्तरदार रजेवर होते, दाढ काढायला. संचालकसाहेब स्वतः गठ्ठा घेऊन आले. मोठा माणूस, पण गर्व म्हणून नाही. अपघातानं मी खचलो होतो, तर शेजारी उभे राहून माझ्या निरोपसमारंभाच्या गोष्टी काढल्या त्यांनी. मन रमवायला हो! मी नुसता बोलत होतो आणि सह्या करत होतो."

*

दप्तरदारांचा गाल अजून सुजलेला होता. फायलींची खोली म्हणजे त्यांचा गड, आणि कपाटाची एकुलती एक किल्ली त्यांच्या कमरेला.

"रजेवर जाताना किल्ली कुणाकडे देता?" बाईंनी विचारलं.

"कुणाकडे नाही! झोपतानासुद्धा काढत नाही. बायको म्हणते, माझ्यापेक्षा या किल्लीशी तुमचा संसार जास्त झाला."

"कारखान्याला रिपोर्ट पोचवला त्याची नोंद?"

दप्तरदारांनी वही उघडली. मंगळवारची तारीख, कारखान्याच्या व्यवस्थापकाची सही. पानांचा आकडा नव्हता.

"पूर्वी मोजून लिहायचो," दप्तरदार ओशाळून म्हणाले. "एकूण छापायला लागल्यापासून म्हटलं, आता कशाला मोजा!"

बाईंनी त्या पंधरवड्यातल्या सगळ्या यंत्रांच्या फायली मागवल्या आणि तासभर चाळल्या. भावोजींच्या लक्षात आलं की त्या मजकूर वाचतच नव्हत्या. फक्त पानांचा तळ बघायच्या आणि पुढची फाईल घ्यायच्या. आकडे तर सगळे बरोबरच होते. भावोजींनी चार जांभया दिल्या. पाचवी देता देता त्यांनी पाहिलं, बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात बारीक हसू आलं होतं.

"काही सापडलं?"

"काखेत कळसा नि गावाला वळसा," बाई म्हणाल्या. "आता कारखाना बघू."

*

कारखान्याच्या शेडमध्ये हवा लोखंडाच्या काळ्या भुकटीनं जड झाली होती. पाच मिनिटांत भावोजींचा रुमाल काळा झाला. क्रेनला टाळं होतं. दाराजवळच्या खांबाला एक लांब खिळा ठोकलेला आणि त्यात यंत्रांचे रिपोर्ट टोचून ठेवलेले. सगळ्यांच्या कडा तेलानं पिवळ्या, सगळ्यांच्या डोक्यावर भोक.

"रिपोर्ट आला की इथेच लावता?" बाईंनी विचारलं.

"त्याच दिवशी. नियमच आहे," व्यवस्थापक म्हणाले. बुटका, घामेजलेला माणूस. बोलताना सतत घड्याळ बघत होता. "क्रेनचाही लावला होता. आठ पानं. अपघात झाल्यावर काढून संचालकसाहेबांना दाखवायला नेला. बंद ठेवा असं एक अक्षर नव्हतं त्यात. असतं तर माणूस मोडून घेतला असता का आम्ही?"

"आठवडाभर लावला होता?"

"हो, म्हणजे... हो."

क्रेनवाला बाहेर फळकुटावर बसला होता. अपघातापासून त्याला काम नव्हतं. शेडमधली माणसं त्याच्याकडे पाहायची टाळत होती.

"मला वाचता येत नाही फारसं," तो म्हणाला. "चालव म्हणाले, चालवली. हात माझा होता, तेवढं खरं."

"चालव असं कोण म्हणालं?"

त्यानं शेडच्या दाराकडे पाहिलं. व्यवस्थापक तिथे उभे होते. "मोठ्या साहेबांचा फोन आला होता म्हणे," तो पुटपुटला आणि उठून गेला.

परतताना भावोजी म्हणाले, "सरळ आहे. कारखान्याचा मालक! त्यानं फोन करून क्रेन चालवायला लावली आणि मागाहून पान गायब केलं."

"मालकानं कार्यालयाच्या संगणकात हात कसा घातला?"

"मग निरीक्षक," भावोजी नाइलाजानं म्हणाले. "मला तो माणूस आवडला गं. पण शेरा बदलायची परवानगी त्याला, सही त्याची. ब्रेकचं लिहायचं विसरला असेल, अपघात झाल्यावर घाबरून घातलं असेल."

"भावोजी, कारखान्याची ती प्रत तुम्ही हातात घेतली होती ना? हात काळे झाले?"

भावोजींनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग रुमालाकडे पाहिलं. पण त्यातून पुढे काय निघतं हे त्यांना घरी पोचेपर्यंत उमगलं नाही, आणि जेवताना बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "आधी ते हात धुवा."

*

सोमवारी सकाळी संचालकांच्या खोलीत सगळे जमले. चौकशी अधिकारी पांढऱ्या केसांच्या आणि मितभाषी होत्या. त्या टेबलाच्या टोकाला बसल्या. एका बाजूला संचालक आणि व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला निरीक्षक, दप्तरदार आणि मुलगी. दाराशी क्रेनवाला उभा होता. त्याला बाईंनी बोलावून घेतलं होतं.

"मुलीनं चूक मान्य केली की विषय संपेल," संचालक मृदूपणे म्हणाले.

"चूक तिनं केलीच आहे," बाई म्हणाल्या.

मुलीचा चेहरा उतरला. भावोजींनी दचकून मेहुणीकडे पाहिलं.

"पण ती मोजणीची नाही. मोजणीचं आधी सांगते. हा प्रोग्राम रिपोर्ट दोनदा चालवतो, एकदा मोजायला आणि एकदा छापायला. त्यामुळे पहिल्याच पानावर 'आठ' छापलंय याचा अर्थ एकच. मोजताना नोंदीत आठच पानं होती. छापताना पान गळलं असतं तर आकडा नऊच राहिला असता. तेव्हा प्रोग्रामनं पान खाल्लं हे विसरा. कधीतरी नोंदीत नवव्या पानाचा शेरा होता, आणि कधीतरी नव्हता."

"मी तेच म्हणतोय!" व्यवस्थापक उसळले. "आधी नव्हता, मागाहून घातला!"

"की आधी होता आणि मागाहून काढला? खरा प्रश्न तेवढाच. कुठली प्रत आधी छापली?" बाईंनी दोन्ही प्रती चौकशी अधिकाऱ्यांसमोर ठेवल्या. "तळाची ओळ वाचा. आकडा सोडून द्या. शब्द वाचा."

अधिकारी वाकल्या. मग त्यांनी मान वर केली. "एकात कु ऱ्हस्व आहे."

"'एकुण'. चुकीचं. दुसऱ्यात 'एकूण'. बरोबर. वाचताना कान दोन्ही सारखेच ऐकतो, आणि डोळा आकड्याकडे धावतो. मी बावीस वर्षं उकार तपासलेत, म्हणून मला आधी तोच दिसला." बाई निरीक्षकांकडे वळल्या. "तुम्ही लाल पेन्सिलीनं कशावर खूण केली होती?"

निरीक्षक चाचरत म्हणाले, "त्याच उकारावर. पोरीला म्हटलं, सगळं छान केलंस, पण एकूण दीर्घ लिही."

"आणि मी गुरुवारी दुरुस्त केलं!" मुलगी उभीच राहिली. "देवा! माझ्या डोक्यातच आलं नाही."

"कारण तू मोजणी शोधत होतीस. पण नुसत्या तुझ्या शब्दावर मी विसंबले नाही. दप्तरदारांच्या कपाटातले पंधरा दिवसांचे सगळे रिपोर्ट पाहिले. गुरुवारपर्यंतचा प्रत्येक रिपोर्ट 'एकुण', त्यानंतरचा प्रत्येक 'एकूण'. आणि त्या कपाटाची किल्ली दप्तरदार झोपेतही सोडत नाहीत."

दप्तरदारांनी कमरेवर हात ठेवून मान डोलावली.

"आता बघा," बाई म्हणाल्या. "नऊ पानांच्या प्रतीत 'एकुण' आहे. ती गुरुवारच्या आधीची. अपघात त्यानंतरच्या सोमवारचा. म्हणजे क्रेन बंद ठेवा हा इशारा अपघाताच्या आधीच छापला गेला होता. निरीक्षकांनी काही घुसडलं नाही."

निरीक्षकांनी डोळे मिटले. मुलीनं टेबलावरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"आठ पानांची प्रत मात्र 'एकूण'वाली. मंगळवारी पोचवलेल्या कागदावर गुरुवारची दुरुस्ती कशी येईल? ही ती प्रतच नव्हे. खिळ्याला आठवडाभर टोचलेल्या कागदाला भोक कुठाय? त्या शेडमध्ये पाच मिनिटांत आमच्या भावोजींचा रुमाल काळा झाला, आणि हा कागद हातात धरून त्यांची बोटं स्वच्छ!"

भावोजींनी नकळत बोटं पुढे केली.

"कुणीतरी नोंदीतला शेरा काढला, आठ पानं छापली, शेरा परत घातला आणि खरी प्रत बदलून ही ठेवली. आपोआप 'एकूण आठ' छापून आलं, आणि खोट्या प्रतीला पूर्णपणाचा शिक्का बसला. शेरा बदलायची परवानगी दोघांनाच. निरीक्षकांनी स्वतःला वाचवणारा शेरा स्वतःच काढला, असं कोण म्हणेल? मग ही प्रत सहीसाठी त्यांच्यापुढे आणली कुणी? अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सह्यांचा गठ्ठा घेऊन निरोपसमारंभाच्या गप्पा कोण मारत होतं?"

चौकशी अधिकाऱ्यांनी संचालकांकडे पाहिलं.

"साहेब," बाई म्हणाल्या, "फायलीतली प्रतही तुम्ही बदलली असती. पण किल्ली दाढदुखीबरोबर घरी होती. मग दोन प्रती जुळत नाहीत याचा दोष मशीनवर टाकला. बुधवारी सगळ्यांसमोर पुन्हा छापायला लावून छापल्याची तारीखही पुसलीत. सगळा विचार केलात. पण एका उकाराची दुरुस्ती संचालकाला कोण कशाला कळवतं?"

"हा निव्वळ तर्क आहे," संचालक म्हणाले. आवाज अजून मृदूच होता, पण कोरडा पडला होता. "मी असं का करीन?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. "दादा, फोन केलेले मोठे साहेब कोण?"

क्रेनवाला एक पाऊल आत आला. "खिळ्याला कागद लागला तेव्हा शेवटच्या पानावर काळी चौकट होती. ती काय असते हे मला न वाचताही ठाऊक आहे. मी व्यवस्थापकसाहेबांना म्हटलं, चालवू नको ना? ते म्हणाले, चालव, तपासणीच्या मोठ्या साहेबांचा फोन आलाय, ब्रेक येईपर्यंत चालेल म्हणालेत." त्यानं खाली पाहिलं. "मी तेव्हाच हात काढून घ्यायला हवा होता."

व्यवस्थापकांची पाचावर धारण बसली. "मला म्हणाले होते कुणाचं वाईट होणार नाही!" ते एकदम ओरडले. "म्हणाले, फोनचं कळलं तर दोघंही बुडू, मशीनवर ढकलू! खरी प्रत त्यांनीच मागून घेतली, मी नाही फाडली!"

"तू गप्प बस," संचालक म्हणाले. तेवढंच. मग त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला घेतला. चौकशी अधिकाऱ्यांनी आपल्या कागदावर लिहायला सुरुवात केली होती.

*

दुपारी अधिकाऱ्यांनी जबाब घेऊन सगळ्यांना मोकळं केलं. निरीक्षक म्हणाले, घरी नंतर जाऊ, आधी दवाखान्यात जाऊ. ते, मुलगी, क्रेनवाला, बाई आणि भावोजी असे पाचजण एकाच गाडीत कोंबून निघाले. क्रेनवाला दारापाशीच घुटमळला. निरीक्षकांनी त्याला दंडाला धरून आत नेलं.

जखमी कामगार उशीला टेकून बसला होता. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. बायको शेजारी संत्रं सोलत होती. निरीक्षकांनी त्याला सगळं सांगितलं. मग तो क्रेनवाल्याला म्हणाला, "तू आला का नाहीस रे इतके दिवस?"

"कुठल्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच तोंडानं. बस इथं." त्यानं चादर वर केली. "डॉक्टर आज सकाळी म्हणाले, पाय वाचला. वेळ लागेल, पण चालशील. हे बघ."

प्लास्टरच्या टोकाशी सुजलेली पाच बोटं होती. त्यानं दात आवळले आणि अंगठा हलवला. अगदी जरासाच, पण हलला. क्रेनवाला पलंगाच्या कडेला मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. बायकोनं त्याच्या हातात संत्र्याची फोड ठेवली.

भावोजींचा जीव भांड्यात पडला. किती दिवस तो वर टांगलेला होता हे त्यांना आत्ता कळलं.

"आणि प्रोग्रामवाल्या त्या तुम्हीच का?" कामगारानं मुलीला विचारलं.

तिनं घाबरत मान हलवली.

"मला सांगितलं होतं, कॉम्प्युटरनं कागद खाल्ला म्हणून तुझा पाय गेला. पंधरा दिवस मी तुमच्या कॉम्प्युटरला शिव्या देतोय. रोज, नेमानं. औषधाच्या गोळीबरोबर." तो खजील झाला. "आता त्या परत कशा घ्यायच्या हो?"

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. आधी दाबलेलं, मग आवरेना असं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पुसायचंही तिला सुचेना. तिचं बघून निरीक्षक हसायला लागले, मग कामगाराची बायको, मग भावोजी. शेवटी नर्स दारात येऊन म्हणाली, "अहो, हा दवाखाना आहे!"

"असू दे हो," कामगार म्हणाला. "पंधरा दिवसांत या खोलीत पहिल्यांदा कुणी हसतंय."